दुष्काळातल्या लेकींना आसरा देणाऱ्या पंडिता रमाबाई : केडगावच्या माळावर उभं राहिलेलं 'मुक्ती'

दौंड तालुक्यातील केडगाव हे पुणे-दौंड रेल्वेमार्गावरचं गाव. या गावाचं नाव सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिका, इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियातल्या चर्चमध्ये लोकांना ठाऊक झालं होतं. कारण होतं इथलं 'मुक्ती सदन'. दुष्काळात नवरा गेलेल्या, आईबाप गमावलेल्या, घरच्यांनीच वाऱ्यावर सोडलेल्या बायका-पोरींना इथं दोन वेळचं अन्न मिळालं आणि हाताला कामही मिळालं. हे उभं करणाऱ्या पंडिता रमाबाई यांनी भूक पुस्तकात वाचलेली नव्हती. त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांचं स्वतःचं कुटुंब उपासमारीत संपलं होतं.

विद्या होती, पण भाकरी नव्हती

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी गंगामूळच्या जंगलात झाला. हा सह्याद्रीचा भाग आज कर्नाटकात येतो. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे संस्कृत पंडित. बायकांना संस्कृत शिकवणं त्या काळी पाप समजलं जाई, तरी त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना शिकवलं. त्यावरून जातभाईंची बोलणीही खाल्ली. जंगलातल्या त्यांच्या घरी विद्यार्थी राहत आणि येणाऱ्या यात्रेकरूंना जेवू घातलं जाई. त्यातच कर्ज झालं, जमीनजुमला गेला. रमाबाई तान्ह्या असतानाच कुटुंब घर सोडून तीर्थयात्रेला निघालं, ते कायमचंच.

देवळात, नदीकाठी पुराण सांगायचं आणि लोक जी दक्षिणा देतील त्यावर गुजराण करायची, असा संसार चालला होता. आईनंच रमाबाईंना संस्कृत शिकवलं. भागवताचे हजारो श्लोक त्यांना लहानपणीच तोंडपाठ होते.

पुढं 1870 च्या दशकात दक्षिणेत मोठा दुष्काळ पडला. जिथं गावालाच खायला नाही तिथं दक्षिणा कोण देणार? जवळचं होतं नव्हतं ते देवधर्मात आणि दानात गेलं. मग दागिने विकले, भांडी विकली, कपडेही विकले. मजुरी करावी तर कुणाला सवय नाही, भीक मागावी तर मन धजेना. पोटापाण्याचा कुठलाच हुन्नर घरात कुणाला येत नव्हता. आधी वडील गेले, मग आई गेली, नंतर थोरली बहीणही गेली. आईच्या तिरडीला खांदा द्यायला माणसं पुरेनात. रमाबाईंची उंची कमी, खांदा पोहोचेना, म्हणून त्यांनी तिरडी डोक्यावर घेतली. तेव्हा त्या जेमतेम सोळा-सतरा वर्षांच्या होत्या.

उरले भाऊ श्रीनिवास आणि रमाबाई. दोघं पायी हिंदुस्थानभर फिरले. पंजाबात झेलम नदीच्या काठी अंगावर पांघरूण नाही म्हणून वाळूत खड्डे करून त्यांनी थंडीच्या रात्री काढल्या. धडधाकट, शिकलेल्या माणसालाही हुन्नर नसेल तर उपाशी मरावं लागतं, ही गोष्ट त्यांच्या मनात कायमची बसली. पुढच्या सगळ्या कामाचं मूळ इथं आहे.

कलकत्त्यात मान, पुण्यात काम

1878 मध्ये दोघं कलकत्त्याला पोहोचले. रमाबाईंचं संस्कृत ऐकून तिथले विद्वान थक्क झाले. त्यांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पण नशिबाची परीक्षा संपली नव्हती. 1880 मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. जात वेगळी असल्यानं दोन्हीकडचे लोक दुरावले. 1881 मध्ये मुलगी मनोरमा झाली. 1882 च्या फेब्रुवारीत पटकीनं नवरा गेला. तेविशीत वैधव्य आणि पदरात दहा महिन्यांची पोर.

त्याच वर्षी त्या पुण्याला आल्या. बायकांच्या शिक्षणासाठी त्यांनी 'आर्य महिला समाज' काढला, 'स्त्रीधर्मनीती' हे पुस्तक लिहिलं. सरकारनं शिक्षणाविषयी नेमलेल्या हंटर आयोगापुढं साक्ष देताना मुलींसाठी स्त्री शिक्षिका आणि बायकांसाठी स्त्री डॉक्टर हव्यात, अशी मागणी केली.

डॉक्टरकी शिकावी म्हणून पुस्तकाच्या विक्रीतून आलेल्या पैशांवर 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. ऐकायला कमी येत असल्यानं डॉक्टरकीचं शिक्षण राहून गेलं. वाँटेज इथं ख्रिस्ती सिस्टरांच्या मठात त्या राहिल्या. या सिस्टर समाजानं टाकलेल्या बायकांना माणूस म्हणून वागवतात, त्यांना नव्यानं उभं करतात, हे पाहून त्यांच्यावर खोल परिणाम झाला. 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात मोठी खळबळ उडाली.

मात्र धर्म बदलला म्हणून चर्चचा शब्द त्यांनी डोळे मिटून मानला नाही. धर्माच्या बाबतीत त्या सिस्टरांशीही वाद घालत. आपल्या बुद्धीला पटेल तेच मानायचं, हा हट्ट त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही.

वर्षाला एक डॉलर

1886 मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. निमित्त होतं डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाचं. गेल्या त्या जवळपास तीन वर्षं तिथंच राहिल्या. गावोगावी व्याख्यानं दिली, बालवाडीची शिक्षणपद्धत शिकून घेतली, हिंदुस्थानातल्या विधवांच्या हालांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं.

डिसेंबर 1887 मध्ये बोस्टन शहरात 'रमाबाई असोसिएशन' स्थापन झाली. या संस्थेचं वैशिष्ट्य असं, की त्यात एका चर्चची मक्तेदारी नव्हती. अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल हे युनिटेरियन पंथाचे, तर उपाध्यक्षांमध्ये एपिस्कोपल चर्चचे फिलिप्स ब्रूक्स होते आणि दारूबंदीची चळवळ चालवणाऱ्या फ्रान्सिस विलार्डही होत्या. एरवी एकमेकांशी न पटणारे पंथ आणि बायकांच्या सेवाभावी संस्था या कामासाठी एकत्र आल्या. अमेरिकेतल्या शहरांत 'रमाबाई मंडळं' निघाली. सभासदानं वर्षाला एक डॉलर द्यायचा, असं दहा वर्षं चालवायचं, असा साधा हिशेब होता. आजच्या महिला बचत गटासारखी थेंबे थेंबे जमवलेली रक्कम समुद्र ओलांडून येणार होती.

अट एकच होती. शाळेत धर्माचा प्रचार करायचा नाही. ज्या मुलीला जो धर्म पाळायचा, तो पाळायची मोकळीक राहील.

शारदा सदन आणि वाद

11 मार्च 1889 रोजी मुंबईत 'शारदा सदन' सुरू झालं. पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर, तेलंग अशी मोठी हिंदू मंडळी सल्लागार होती. पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. 1893 मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी त्यांच्याशी पुनर्विवाह केला. त्याच महर्षी कर्व्यांनी पुढं विधवांसाठी हिंगण्याचा आश्रम उभारला.

पण 1893 मध्येच मोठं वादळ उठलं. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे आणि काही मुली तिथं येऊन बसत. यावरून आरोप सुरू झाले. 'केसरी'नं कडक टीका केली. सल्लागार मंडळींनी अंग काढून घेतलं. कित्येक पालकांनी मुली घरी नेल्या.

रमाबाईंचं म्हणणं होतं, की त्या कुणावर सक्ती करत नाहीत, पण आलेल्या मुलीला दार बंदही करणार नाहीत. विरोधकांचं म्हणणं होतं, की जिच्या हातून अन्न मिळतं तिच्याकडं मुलगी ओढली जाणारच. दोन्ही बाजू आपापल्या जागी ठाम राहिल्या. पुढं काही मुलींनी बाप्तिस्मा घेतला आणि पुण्यातल्या हिंदू सुधारकांचा आधार तुटला तो तुटलाच. उपाशी माणसाला मदत करताना धर्म किती आणायचा, हा प्रश्न तेव्हा सुटला नाही आणि आजही त्यावर वाद होतातच.

केडगावची जमीन

अमेरिकेची मदत दहा वर्षांचीच आहे, हे रमाबाई विसरल्या नव्हत्या. पैसा थांबला तर काय, म्हणून त्यांनी केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली. विहिरी खोदायच्या, फळबाग लावायची आणि बागेच्या उत्पन्नावर शाळा चालवायची, असा बेत होता.

तेवढ्यात 1896-97 चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात माणसं किड्यामुंगीसारखी मरू लागली. ती बातमी ऐकून रमाबाईंना आपलं तरुणपण आठवलं आणि त्या तिकडं गेल्या. घरं मोडली होती. कर्ती माणसं दुष्काळी कामांवर खपून गेली होती. रस्त्यावर पडलेल्या पोरी वाईट माणसांच्या हाती लागत होत्या. रमाबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे तीनशे बायका-मुली आणल्या.

पुण्यात तेव्हा प्लेग होता. इतक्या जणींना शहरात ठेवायची परवानगी मिळेना. मग सगळ्याजणी केडगावच्या माळावर आल्या. सुरुवातीला तंबू आणि झोपड्यांत राहिल्या. मुली आल्या तेव्हा हाडांचे सापळे होत्या, कित्येक आजारी होत्या. आधी पोटभर अन्न आणि औषधपाणी, मग बाकीचं. या वसाहतीचं नाव 'मुक्ती'.

मदत अनेक दारांतून आली. मेथडिस्ट चर्चच्या अमेरिकन मिशनरी मिनी अब्राम्स केडगावला येऊन राहिल्या. पुण्याच्या सुंदरबाई पवार यांनी हात दिला. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिकेतल्या निरनिराळ्या चर्चमधून पैसे येत राहिले. रमाबाईंनी मुक्तीला कुठल्याही एका पंथाच्या दावणीला बांधलं नाही. आता मात्र मुक्ती उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. इथल्या बहुतेक मुली पुढं ख्रिस्ती झाल्या, हेही तितकंच खरं.

1900 च्या आसपास गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा तिथूनही मुली आल्या. मुक्तीतली संख्या दीड हजारांच्या वर गेली.

आधी घास, मग हुन्नर

एवढ्या पोटांना रोज घालायचं कुठून? नुसत्या देणगीवर भागणारं नव्हतं. मुक्तीत प्रत्येकीला काम होतं. शेती, गाईगुरं, दूध, स्वयंपाक, धुणं, विणकाम, शिवणकाम, तेलघाणा, छापखाना. ज्यांना अभ्यासात गती त्या शिक्षिका झाल्या, काहीजणी आजाऱ्यांची शुश्रूषा शिकल्या. आंधळ्या मुलींनाही बोटांनी वाचायला शिकवलं गेलं. त्यात कन्या मनोरमाचा मोठा वाटा होता. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी 'कृपा सदन' निघालं, कारण त्यांना दुसरीकडं कुणी उंबऱ्यात घेत नव्हतं.

घाण्यावर, मागावर, छापखान्यात तयार होणारी प्रत्येक मुलगी उद्या दुष्काळ आला तर उपाशी राहणार नव्हती. रमाबाईंच्या आईला आणि बहिणीला जे मिळालं नव्हतं ते हेच होतं. मदत घेणारं घर कायम मदतीवरच राहिलं तर ती मदत अर्धी, हा धडा त्यांनी मुक्तीच्या रोजच्या कामातून घालून दिला.

सरकारला सुनवायलाही त्या मागंपुढं पाहत नसत. 1897 मध्ये प्लेगच्या छावण्यांत बायकांचे जे हाल होत, त्याबद्दल त्यांनी वर्तमानपत्रातून उघड टीका केली. त्याच रमाबाईंना सरकारनं 1919 मध्ये 'कैसर-ए-हिंद' पदक दिलं.

शेवटची वर्षं

आयुष्याची शेवटची वर्षं त्यांनी बायबलचं मराठी भाषांतर करण्यात घालवली. त्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला. कमी शिकलेल्या बाईलाही कळेल अशी सोपी मराठी त्यांना हवी होती. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात झाली आणि त्यात मुलींचे हात होते.

जिच्या भरवशावर सारं सोपवायचं होतं ती मनोरमा जुलै 1921 मध्ये गेली. त्यानंतर वर्षही उलटलं नाही. 5 एप्रिल 1922 रोजी केडगावलाच रमाबाईंनी डोळे मिटले. वय होतं त्रेसष्ट.

1989 मध्ये भारत सरकारनं त्यांच्या नावानं टपाल तिकीट काढलं. केडगावचं मुक्ती मिशन आजही सुरू आहे. ज्या मुलीला आईची तिरडी डोक्यावर घ्यावी लागली होती, तिनं त्या माळावर हजारो लेकींना आसरा दिला.