सोलापूरचे डॉ. कोटणीस चीनमध्येच का राहिले?

जपानशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीसाठी 1938 मध्ये काँग्रेसने पाच डॉक्टर पाठवले. त्यात सोलापूरचे 27 वर्षांचे द्वारकानाथ कोटणीस होते. बाकीचे चौघे पुढे मायदेशी परतले, कोटणीस परतले नाहीत.

खरे तर परतायला कारण होते. येनानला जाण्याआधीच वडील गेल्याची बातमी आली. तरीही ते पुढे गेले. नावापुढे 'हुआ' म्हणजे चीन जोडण्याची रीत पाचही जणांनी पाळली. कोटणीस झाले 'के दिहुआ'. पण त्यांनी तिथली भाषाही आपलीशी केली. ते चिनीतूनच विद्यार्थ्यांना शिकवू लागले. परक्या मुलखात यापेक्षा अवघड शस्त्रक्रिया कोणती?

1941 मध्ये ते बेथून रुग्णालयाचे प्रमुख झाले. त्याच वर्षी तिथल्याच गुओ चिंगलान यांच्याशी लग्न झाले. मुलाचे नाव ठेवले यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

त्यांना अपस्माराचे झटके येत, तरी काम थांबले नाही. 9 डिसेंबर 1942 रोजी 32व्या वर्षी त्यांचे निधन झाले. यिनहुआ तेव्हा जेमतेम साडेतीन महिन्यांचा होता. समाधी शिजियाझुआंगला आहे, स्मारक सोलापुरात भैय्या चौकात.