रोजची भाकर, रोजचा दिवस



सकाळी डोळे उघडताच आपण आधी काय मोजतो? बहुधा जे नाही ते. प्रताप नगरात घरभेटीला गेलो की हेच आमच्या कानी येते, आणि खरे सांगायचे तर आमच्याही मनात तेच असते. म्हणून या रविवारी आपण लक्ष्मीबाई टिळकांचे स्मरण करू या. त्या कॅथलिक नव्हत्या, अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीतल्या होत्या. पण दिवस कसा स्वीकारावा हे त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे.

1868 साली नाशिकजवळील जलालपूर येथे गोखल्यांच्या घरी त्यांचा जन्म झाला. वडिलांचे सोवळे इतके कडक, की बाजारातून आणलेले मीठसुद्धा धुऊन घ्यायचे. शाळा नशिबी नव्हती. 1880 साली, अकराव्या वर्षी, नारायण वामन टिळकांशी लग्न झाले. पती कवी, उदार आणि तापट, शिवाय एका गावी फार काळ न टिकणारे. हातात पैसा आला की मागणाऱ्याकडे जायचा. पोटची लेकरे लहानपणीच गेली, दत्तू तेवढा राहिला. हा संसार फिरत फिरत आपल्या नागपुरातही आला. येथे अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने टिळक संस्कृत ग्रंथांचे काम करीत.

1893 च्या सुमारास राजनांदगावच्या रेल्वेप्रवासात एका परदेशी गृहस्थाने टिळकांना बायबल दिले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर जणू आभाळ कोसळले. लहान दत्तूला घेऊन त्या काही वर्षे नातेवाइकांकडे राहिल्या. मनातले दुःख त्यांनी कवितेत उतरवले. पुढे त्या पतीकडे परतल्या, पण चूल वेगळी मांडली. जात देवाने केली की माणसाने, हा विचार हळूहळू मनात मुरला आणि 1900 साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. दुष्काळात निराश्रित झालेल्या मुलांना त्यांनी घरात घेतले, प्लेगच्या साथीत आजाऱ्यांची सेवा केली.

9 मे 1919 रोजी टिळक गेले. लक्ष्मीबाईंचे वय तेव्हा पन्नास होते. त्यानंतरही त्यांनी पतीचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य पूर्ण केले. 1933 साली नागपुरात भरलेल्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्षा झाल्या. कधी शाळेत न गेलेली ही बाई! 1934 साली 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग निघाला. 24 फेब्रुवारी 1936 रोजी त्यांचे नाशिक येथे निधन झाले.

'स्मृतिचित्रे' वाचताना आम्हाला एका गोष्टीचे नवल वाटते. उपासमार, वियोग, अपमान सारे त्यात आहे, आणि तरी त्या हसतात, स्वतःलाही हसतात. देवाकडे त्या हिशेब मागत नाहीत. दुःखाला गोड म्हणणे म्हणजे कृतज्ञता नव्हे. लक्ष्मीबाई रडल्या, रागावल्या, भांडल्यासुद्धा. पण त्या कठीण दिवसांनाही त्यांनी आपल्या आयुष्यातून वगळले नाही.

संत ऑगस्टीन यांनी काळाचा खोल विचार केला. काल गेला, उद्या अजून आलेला नाही, आपल्या हाती आहे तो आजच. रानात इस्राएली लोकांना मान्ना मिळाला, तोही त्या त्या दिवसापुरता. साठवून ठेवला त्याला किडे पडले. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतही आपण भाकर मागतो ती आजचीच. मग आजची मिळाली असता आभार मात्र उद्यावर का ढकलावेत?

आज रात्री कुटुंबाच्या रोझरीनंतर लहानथोर प्रत्येकाने दिवसभरातील एका गोष्टीबद्दल मोठ्याने देवाचे आभार मानावेत. दिवस वाईट गेला असेल त्याने तसे सांगावे आणि तरीही एक गोष्ट शोधावी. ती सापडली नाही तर घरच्यांनी मदत करावी. आम्हीही आमच्या खोलीत हेच करणार आहोत.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.