सोबत चालणाऱ्याने दिलेला घाव

आजचं वाचन: स्तोत्रसंहिता 55, उत्पत्ती, अध्याय 37 आणि 45



मागच्या आठवड्यात कॉलेजच्या एका मित्राचा फोन आला. परदेशात असतो, माझ्यासारखाच कोड लिहून पोट भरतो. रात्रीच्या ट्रेनमध्ये दोन पोरांनी त्याच्या रंगावरून नाही नाही ते बोलून त्याच्या बॅगेवर बिअर ओतली, आणि डब्यातल्या एकाही माणसाने मान वर केली नाही. हे त्याने अगदी सपाट आवाजात सांगितलं. आवाज फुटला तो पुढच्या गोष्टीला. आईबाबांच्या ज्या फ्लॅटचे हप्ते त्याने इतकी वर्षं भरले, त्याच्या कागदांवरून सख्ख्या भावाने त्याचं नाव काढून टाकलं होतं. ट्रेनमधली पोरं निदान परकी होती, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

मी प्रार्थना करतो म्हणालो, आणि फोन ठेवल्यावर माझी मलाच लाज वाटली.

त्या रात्री स्तोत्र 55 वाचलं. तिथे दाविदाची तक्रार शत्रूबद्दल नाहीच. ज्याच्याबरोबर गोड बोलणं व्हायचं, ज्याच्याबरोबर तो देवाच्या घरी चालत जायचा, त्या सोबत्याबद्दल आहे. वाचता वाचता मला बिशप सॅम्युअल अजायी क्राउदर आठवले. सेमिस्टर संपल्यावर हॉस्टेलमध्ये चर्चच्या इतिहासाचं एक जाड पुस्तक हाती लागलं होतं, तेव्हापासून हा माणूस माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

आजच्या नायजेरियात, योरुबा लोकांच्या ओसोगुन गावात 1809 च्या सुमारास एक मुलगा जन्मला. बाळ पालथं जन्मलं की योरुबा लोक त्याचं नाव अजायी ठेवतात, तेच याचं. 1821 साली गावावर धाड पडली. धाड घालणाऱ्यांत त्याचीच भाषा बोलणारी माणसंही होती, हे लक्षात ठेवा. आई, बहिणी, अजायी, सगळ्यांच्या गळ्यात दोर पडले. मग विक्री. एकदा तर त्याच्या बदल्यात घोडा दिला गेला. घोडा पसंत पडला नाही म्हणून सौदा फिरवला आणि पोरगा परत. या हातातून त्या हातात जाता जाता तो आईपासून तुटला. गोऱ्या व्यापाऱ्यांच्या हाती पडण्याच्या भीतीने त्याने कमरेच्या पट्ट्याने स्वतःचा गळा आवळायचाही प्रयत्न केला, पण तेवढं धाडस झालं नाही. ही वाक्यं वाचताना मला उत्पत्ती 37 मधला योसेफ दिसतो, खड्ड्यातून काढून वीस रुप्याच्या नाण्यांना विकलेला.

1822 च्या एप्रिलमध्ये पोर्तुगीज गुलामजहाज किनाऱ्यावरून निघालं, आणि इंग्रज आरमाराच्या मर्मिडन जहाजाने ते पकडलं. अजायी सिएरा लिओनमध्ये फ्रीटाऊनला उतरला, मोकळा. मिशनच्या शाळेत सहाएक महिन्यांत वाचायला शिकला. 1825 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि इंग्लंडमधल्या मिशनच्या एका कार्यकर्त्याचं नाव त्याला मिळालं, सॅम्युअल क्राउदर. 1827 मध्ये फुराह बे कॉलेज सुरू झालं तेव्हा तो पहिल्या विद्यार्थ्यांपैकी एक होता. पुढे ज्या आसानोशी, म्हणजे सुझनशी, त्यांचं लग्न झालं, तीही गुलामीतून सुटलेलीच.

1841 ची नायजर नदीवरची इंग्रज मोहीम तापाने मोडली, चाळीसएक गोरी माणसं गेली. क्राउदर त्या मोहिमेत होते आणि वाचले. 1843 मध्ये लंडनला त्यांची पाळक म्हणून दीक्षा झाली. मग मिशनने त्यांना हेन्री टाऊनसेंड या इंग्रज मिशनऱ्याबरोबर योरुबा देशातल्या अबेओकुटाला पाठवलं. 1846 मध्ये ते तिथे पोचले. एकच काम, एकच उपासना, एकच प्रभू. टाऊनसेंड हे नाव ध्यानात असू द्या, पुढे लागेल.

पोचल्यावर काही आठवड्यांतच, 21 ऑगस्टला, क्राउदरांची आई समोर उभी राहिली. पंचवीस वर्षांनी. क्राउदरांनी स्वतः लिहून ठेवलंय की दोघंही आधी बोलूच शकले नाहीत. एकमेकांचे हात धरून नुसते बघत बसले, आई थरथरत होती, आणि मग लहानपणी ज्या लाडक्या नावांनी हाका मारायची ती एकेक आठवून हाक मारू लागली. 1848 मध्ये अबेओकुटात ज्या पहिल्या लोकांचा बाप्तिस्मा झाला, त्यांत ती होती. नाव मिळालं हन्ना. शमुवेलाच्या आईचं नाव!

इथे गोष्ट संपली असती तर रविवारच्या शाळेत सांगायला किती सोपी होती. पण 1850 च्या दशकाच्या सुरुवातीला क्राउदरांना बिशप करण्याचा विषय निघाला, आणि काळ्या बिशपच्या हाताखाली गोऱ्या मिशनऱ्यांना ठेवू नये म्हणून लंडनला अर्ज पाठवणारा माणूस होता टाऊनसेंड. तोच, बरोबर चालत आलेला. गुलामांचा व्यापारी नव्हे, एकाच मेजावरून प्रभुभोजन घेणारा भाऊ.

मिशनचे सचिव हेन्री वेन मात्र मागे हटले नाहीत. 29 जून 1864 रोजी कँटरबरी कॅथेड्रलमध्ये क्राउदर बिशप झाले, अँग्लिकन मंडळीचे पहिले आफ्रिकन बिशप. पण त्यांच्या अधिकारक्षेत्रातून अबेओकुटाच वगळलेलं होतं! कारण तिथे टाऊनसेंड होते. म्हणजे आमच्या भाषेत सांगायचं तर ॲडमिनचं पद दिलं आणि महत्त्वाच्या सर्व्हरचा ॲक्सेसच दिला नाही. क्राउदर भांडले नाहीत. नायजरच्या काठाने गावोगाव फिरले, आफ्रिकन पाळकांच्या साथीने मंडळ्या उभ्या केल्या, आणि बायबलचं योरुबा भाषांतर चालू ठेवलं. 1880 च्या दशकात संपूर्ण योरुबा बायबल हाती आलं. स्वतःच्या आईच्या भाषेतलं!

1873 मध्ये वेन गेले आणि वारं फिरलं. नदीवर फिरायला आगबोट आली, पण तिचा आणि पैशांचा कारभार एका गोऱ्या माणसाकडे. बिशपला स्वतःच्या प्रदेशात फिरायला बोट मागावी लागायची. मग इंग्लंडहून उत्साही तरुण मिशनरी आले, काही जेमतेम पंचविशीचे. त्यांना आफ्रिकन पाळकांत दोषच दोष दिसले. काही दोष खरेही होते, हे मी लपवणार नाही, लांबवरच्या ठाण्यांवर काही लोक घसरले होते. पण शिक्षा मात्र सरसकट रंगाला झाली. 1890 मध्ये ओनित्शाच्या बैठकीत ऐंशी ओलांडलेल्या बिशपसमोर त्यांच्या पाळकांना निलंबित करण्यात आलं, बिशपला न विचारता. क्राउदरांनी उभं राहून आश्चर्य व्यक्त केलं, तशी नोंद करायला लावली, आणि समितीचा राजीनामा दिला.

या राजीनाम्यापाशी मी खूप वेळ थांबलो. आपल्याकडे क्षमेवरचे संदेश ऐकताना असं वाटतं की सगळं गिळून हसत राहणं म्हणजे ख्रिस्तीपण. क्राउदर गिळून बसले नाहीत. अन्याय नोंदवहीत लिहायला लावला आणि त्या खोलीतून बाहेर पडले. पण प्रभूपासून बाहेर पडले नाहीत. डेल्टामधल्या मंडळ्या आफ्रिकन नेतृत्वाखाली, स्वतःच्या पैशावर चालाव्यात यासाठी शेवटच्या वर्षात ते खटपट करत राहिले. 31 डिसेंबर 1891 ला लागोसमध्ये त्यांचं निधन झालं. त्यांच्या जागी गोरा बिशप नेमला गेला. डेल्टाच्या मंडळ्यांचं काम त्यांचा मुलगा डँडेसन याने पुढे नेलं.

योसेफाचंही बघा ना. उत्पत्ती 45 मध्ये तो भावांना ओळख देतो, पण त्याआधी किती अध्याय जातात! तो त्यांना पारखतो, पुन्हा पुन्हा बाजूला जाऊन रडतो, आणि शेवटी इतका मोठ्याने रडतो की फारोच्या घरापर्यंत आवाज जातो. माझ्या मित्राला मी त्या रात्री घाईघाईने थेट शेवटच्या अध्यायावर न्यायला निघालो होतो. पवित्र शास्त्राने योसेफाला इतकी घाई केलेली नाही.

आणि क्राउदरांची माफी? ती 29 जून 2014 ला मागितली गेली, दीडशे वर्षांनी, त्याच कँटरबरी कॅथेड्रलमध्ये, आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांच्याकडून. ऐकायला क्राउदर नव्हते. त्यांच्या बाजूने बोलणारं कोणीतरी त्याआधीही होतंच, असा माझा विश्वास आहे, पण मित्राला हे फोनवर सांगायला मला अजून जीभ रेटत नाही.

आज रात्री साडेनऊला, त्याच्याकडे तेव्हा संध्याकाळचे सहा, आम्ही दोघं फोनवर स्तोत्र 55 वाचणार आहोत, सगळं, मधल्या कडू ओळी न गाळता. भावाला काय उत्तर द्यायचं ते त्याचं अजून ठरलेलं नाही. ट्रेनमधल्या प्रकाराची तक्रार त्याने काल पोलिसांत लिहून दिली. इथल्या एका वकिलाचा नंबर मी त्याला पाठवलाय. त्याच्यासाठी प्रार्थना करा, आणि त्याच्या आईसाठीही, ती दोन मुलांच्या मध्ये अडकली आहे. नावं प्रभूला ठाऊक आहेत.