शार्कच्या जबड्यातले औषध

सतराव्या शतकात युरोपात एक त्रिकोणी, गुळगुळीत दगड औषध म्हणून विकला जाई. त्याला म्हणत ‘जिभेचा दगड’. गळ्यात बांधला किंवा पेयात बुडवला की विष उतरते, असा समज होता. हे दगड चंद्रग्रहणात आकाशातून पडतात, असे रोमन ग्रंथकार प्लिनीने लिहून ठेवले होते. माल्टात लोक त्यांना सापांच्या दगड झालेल्या जिभा मानत. या औषधाचे खरे मूळ दाखवून दिले ते निकोलस स्टेनो या डॅनिश शरीररचनाशास्त्रज्ञाने.

स्टेनोचा जन्म १६३८ मध्ये कोपनहेगनमधल्या एका सोनाराच्या घरी झाला. वैद्यकाचे शिक्षण घेताना १६६० मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला तो मेंढीचे डोके फाडून पाहत होता. एका नळीत घातलेली सळई पुढे सरकली आणि दातांवर टेकली. गालगुंडात जी ग्रंथी सुजते, तिची लाळ तोंडात आणणारी ही नळी. त्याच्या शिक्षकानेच श्रेयावर हक्क सांगितला, बरीच कटुता झाली. पण नळीला नाव स्टेनोचेच राहिले आणि वैद्यकाच्या पहिल्या वर्षाला ते आजही पाठ करावे लागते. हृदय हे उष्णतेचे किंवा आत्म्याचे आसन नसून एक स्नायू आहे, हेही त्याने ठामपणे मांडले.

१६६६ मध्ये तो फ्लॉरेन्सला आला. त्याच ऑक्टोबरात लिव्होर्नोजवळ कोळ्यांनी एक प्रचंड शार्क पकडला. वर्णनावरून तो ग्रेट व्हाइट शार्क असावा, असे मानले जाते. ग्रँड ड्यूक दुसरा फर्डिनांड याने त्याचे डोके फ्लॉरेन्सला आणवले आणि ते अठ्ठावीस वर्षांच्या स्टेनोच्या हाती दिले.

एवढ्या मोठ्या डोक्यात मेंदू अगदी लहान निघाला. थूथनावर असंख्य बारीक छिद्रे होती, त्यांतून चिकट द्रव येई. भक्ष्याच्या शरीरातला अतिसूक्ष्म विद्युतप्रवाह टिपणारी ही इंद्रिये आहेत, हे कळायला विसावे शतक उजाडावे लागले. जबड्यात मात्र दातांच्या रांगांमागे रांगा होत्या. पुढचे दात कठीण, तर आतले मऊ आणि हिरडीत झाकलेले. शार्कचे दात आयुष्यभर पडतात आणि मागची रांग पुढे सरकते. त्याचा सांगाडा कूर्चेचा असल्याने सहसा नष्ट होतो, दात तेवढे समुद्रतळाच्या गाळात उरतात. स्टेनोने ते ‘जिभेच्या दगडां’शेजारी ठेवून पाहिले. आकार तोच, कडांची करवतही बहुधा तशीच.

हे म्हणणारा तो पहिला नव्हे. इटलीच्या फाबिओ कोलोन्नाने १६१६ मध्येच तसे लिहिले होते. स्टेनोचे वेगळेपण पुढच्या प्रश्नात आहे: समुद्रातल्या प्राण्याचा दात डोंगरातल्या खडकात गेला कसा? १६६७ च्या पुस्तकात त्याने उत्तर सावधपणे सुचवले, १६६९ मध्ये सविस्तर मांडले. खडक पूर्वी पाण्याखालचा गाळ होता. थर एकावर एक साचत गेले. खालचा थर जुना, वरचा नवा. भूगर्भशास्त्र आजही याच नियमावर उभे आहे.

त्याच १६६७ च्या पुस्तकात आणखी एक छोटे टिपण आहे, वैद्यकाच्या दृष्टीने कदाचित अधिक मोलाचे. पिल्लांना जन्म देणारी मुशीच्या कुळातली एक मासळी फाडून पाहताना त्याला तिच्यात अंडाशय दिसले. स्त्रीच्या ज्या अवयवाला तोवर ‘स्त्रीचे वृषण’ म्हणत, तोही अंडाशयच असला पाहिजे, असे त्याने लिहिले.

त्यानंतर विज्ञान हळूहळू सुटले. त्याच वर्षी त्याने कॅथलिक पंथ स्वीकारला होता. १६७५ मध्ये तो धर्मगुरू आणि १६७७ मध्ये बिशप झाला. उत्तर जर्मनीत कडक उपासतापास करत त्याने शरीर झिजवले. पोटाच्या असह्य वेदनांनी १६८६ मध्ये श्वेरिनला तो गेला, अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. शव पुढे फ्लॉरेन्सला नेऊन सान लोरेंझो चर्चमध्ये पुरण्यात आले.