वॉशिंग्टन यांचा शेवटचा दात



आपल्याकडील अनेक घरांतील मुले जहाजावर नोकरीला आहेत. अशा घरात कधी एक डॉलरची नोट हाती आली, तर तिच्यावरील चेहरा जरा निरखून पाहावा. ओठ घट्ट मिटलेले, जबडा आवळलेला, जणू तोंडात काहीतरी धरून ठेवले आहे. हा चेहरा अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांचा. गिल्बर्ट स्टुअर्ट या चित्रकाराने १७९६ साली काढलेल्या ज्या चित्रावरून तो घेतला आहे, त्या चित्राच्या वेळी त्यांच्या तोंडात खरोखरच काहीतरी होते: नवी, न बसणारी कवळी.

वॉशिंग्टन यांचा जन्म २२ फेब्रुवारी १७३२ रोजी व्हर्जिनियात झाला. अकराव्या वर्षी वडील वारले. तरुणपणी त्यांनी जमिनीची मोजणी केली, मग सैन्यात गेले. अंगाने उंचेपुरे, घोड्यावर बसण्यात पटाईत. देवी, मलेरिया, आमांश अशी दुखणी त्यांनी काढली आणि प्रत्येकातून ते उठून उभे राहिले. तोंडाचे दुखणे मात्र त्यांना आयुष्यभर पुरले. १७५६ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्यांनी एक दात काढून घेतला व त्याचे पाच शिलिंग मोजले. हिशेबाच्या वहीत तशी नोंद आहे. पुढे दातदुखी, सुजलेल्या हिरड्या आणि दात काढणाऱ्याची फी या गोष्टी त्यांच्या कागदपत्रांत पुन्हा पुन्हा येतात.

ते निष्काळजी होते असेही नाही. दात घासण्याचे ब्रश आणि दंतमंजन ते इंग्लंडहून मागवत. पण त्या काळचा उपचार म्हणजे दुखणारा दात उपटणे. शिवाय तेव्हा अनेक आजारांवर पाऱ्याचे औषध सर्रास देत, आणि पारा हिरड्या व दात खिळखिळे करतो. त्यांचे दात जाण्यात या औषधाचाही वाटा असावा, असे काही अभ्यासकांना वाटते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना शरीर आणि मन यांचा संबंध काय, यावर आम्ही रात्ररात्र वाद घातले. आमची अक्कलदाढ दुखू लागली तेव्हा आमच्यापुरता तो वाद एका रात्रीत निकालात निघाला. प्रार्थनेत लक्ष नाही, पुस्तकात नाही, समोरच्या माणसाशी नीट बोलावेसेही वाटेना. वॉशिंग्टन यांनी ही अवस्था कितीतरी वर्षे भोगली, आणि त्यातच त्यांना आठ वर्षांचे युद्ध लढावे लागले.

युद्धातही दातांचा विषय सुटला नाही. मे १७८१ मध्ये त्यांनी फिलाडेल्फियातील आपल्या दंतवैद्याला पत्र लिहून दात साफ करण्याची हत्यारे मागवली. आपले तिकडे येणे लवकर होणार नाही, असेही त्यात होते. हे पत्र वाटेतच ब्रिटिशांच्या हाती पडले. त्याच वर्षी वॉशिंग्टन फिलाडेल्फियामार्गेच यॉर्कटाउनला गेले व ऑक्टोबरात तेथील लढाई जिंकले.

यापुढची गोष्ट सांगायला जड जाते. त्यांच्या कवळ्या लाकडाच्या होत्या ही दंतकथा. खरे तर त्या पाणघोड्याच्या दाताच्या, जनावरांच्या व माणसांच्या दातांच्या, शिसे आणि इतर धातू वापरून केलेल्या असत. माउंट व्हर्नन येथील त्यांच्या शेतीवाडीवर गुलाम राबत. १७८४ च्या हिशेबात, दंतवैद्याच्या खाती, कृष्णवर्णीयांकडून नऊ दात घेतल्याबद्दल १२२ शिलिंग दिल्याची नोंद आहे. पैसे दिले हे खरे. पण गुलामाला नाही म्हणण्याची मुभा किती असते? दात देणाऱ्यांची नावे त्या वहीत नाहीत.

३० एप्रिल १७८९ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली तेव्हा तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. जॉन ग्रीनवुड या दंतवैद्याने कवळीला भोक ठेवून ती त्या दाताभोवती बसवली. वरची आणि खालची कवळी स्प्रिंगांनी जोडलेली असे. स्प्रिंगा तोंड उघडू पाहत, म्हणून जबडा सतत दाबून धरावा लागे. हसणे अवघड, मोठ्याने बोलणे त्याहून अवघड. चारचौघांत ते मोजकेच बोलत. ओठ पुढे येतात, अशी तक्रार ते ग्रीनवुड यांच्याकडे करत. न्याहारीला मक्याच्या पिठाचे घावन, तेही लोण्यात आणि मधात भिजवलेले. ज्याला चावता येत नाही त्याने दुसरे काय खावे?

हे आपल्याही घरात दिसते. दात गेलेली आजी हळूहळू पेरू, काकडी, चणे सोडते. चहात बुडवलेल्या पावावर येते आणि अशक्त होते. हिरड्यांच्या रोगाचे तर आणखी पुढे आहे. मधुमेहाने हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात ठेवणे कठीण होते, हे आता डॉक्टरांना नीट ठाऊक आहे. हिरड्यांतून रक्त येते तिथून जंतू रक्तात शिरू शकतात. हृदयाची झडप आधीच खराब असेल तर ते तिथे जाऊन बसण्याचा धोका असतो. हृदयविकार व हिरड्यांचा रोग बरेचदा एकत्र आढळतात. एकामुळेच दुसरा होतो, हे मात्र अद्याप सिद्ध झालेले नाही. तरीही दात म्हटले की आपण दुखेपर्यंत थांबतो आणि साखर तपासायला मात्र दर महिन्याला जातो.

वॉशिंग्टन यांचा मृत्यू दातांमुळे झाला नाही. १२ डिसेंबर १७९९ रोजी बर्फात आणि पावसात ते घोड्यावरून शेतीची पाहणी करत फिरले. घसा धरला, सुजला, श्वास कोंडला. वैद्यांनी त्यांच्या अंगातून सुमारे अडीच लिटर रक्त काढले. १४ तारखेच्या रात्री, ६७ व्या वर्षी, ते गेले. स्वतःच्या मालकीच्या गुलामांना मुक्त करण्याची तरतूद त्यांनी मृत्युपत्रात करून ठेवली होती.

त्यांचा शेवटचा दात त्याआधी तीन वर्षे, १७९६ मध्येच निघाला होता. ग्रीनवुड यांनी तो मागून घेतला, छोट्या डबीत घातला आणि आपल्या घड्याळाच्या साखळीला अडकवला. त्यांच्या कवळ्यांपैकी एक संपूर्ण जोड माउंट व्हर्ननच्या संग्रहात आहे.