कै. जमशेटजी टाटा

नागपूरची एम्प्रेस गिरणी आता बंद पडली आहे. परंतु तिच्या संस्थापकाचे चरित्र विद्यार्थ्यांनी अवश्य मनन करावे असे आहे.

जमशेटजी नसरवानजी टाटा यांचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी नवसारी येथे एका पारशी उपाध्याय कुळात झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातील शिक्षण १८५८ साली संपवून ते वडिलांच्या पेढीत शिरले. पुढे विलायतेस जाऊन त्यांनी लँकेशायरमधील गिरण्या बारकाईने पाहिल्या.

कापडाची गिरणी काढावी ती मुंबईतच, असा तेव्हा समज होता. जमशेटजींनी मात्र नागपूर निवडले. कारण वऱ्हाडचा कापूस व वरोऱ्याचा कोळसा येथून जवळ. जुम्मा तलावाकाठची दलदल ते बुजवू लागले, तेव्हा हा गृहस्थ मातीत सोने पुरीत आहे, असे म्हणून येथील एका सावकाराने भांडवल देण्याचे नाकारले. गिरणी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीने सम्राज्ञीपद धारण केले, म्हणून तिचे नाव एम्प्रेस.

आरंभीच ठेच लागली. स्वस्त म्हणून घेतलेली यंत्रे कुचकामाची ठरली व माल हलका निघू लागला. जमशेटजींनी चूक ओळखून उत्तम यंत्रे आणविली आणि नव्याच निघालेल्या रिंग चात्याही बसवून पाहिल्या. व्यवस्थापक बेझनजी मेहता हे रेल्वेतून आलेले. गिरणीचे काम ते गिरणीतच शिकले. पुढे सुशिक्षित तरुणांना तेथे उमेदवार म्हणून घेऊन धंदा शिकविण्यात येऊ लागला. ज्ञानावाचून यंत्र व्यर्थ, हा धडा जमशेटजींनी असा गिरविला.

१८९२ साली त्यांनी परदेशी उच्च शिक्षणासाठी निधी स्थापिला. १८९८ साली विज्ञानसंस्थेकरिता सुमारे ३० लाख रुपयांची मालमत्ता देऊ केली. १९ मे १९०४ रोजी जर्मनीत त्यांचे देहावसान झाले. बंगलोरची ती संस्था १९०९ साली स्थापन झाली. ती पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

नागपुरातही रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२ साली औद्योगिक शिक्षणाची संस्था निघाली. तेव्हा पालकहो, ज्या मुलाचे मन यंत्रांत रमते, त्यास बळेच कारकुनीकडे ओढू नका. आणि विद्यार्थीमित्रहो, हाताला तेल लागले म्हणून लाजू नका. ईश्वराने दिलेली देणगी पुरून ठेवण्यासाठी नसते. ती वाढवून परत करावयाची असते.