टेलिफोनच्या गर्दीचे गणित मांडणारे एर्लांग

डेटाबेसशी एका वेळी किती जोडण्या होऊ द्यायच्या, याची मर्यादा आधीच ठरवून द्यावी लागते. ‘पोस्टग्रेस’ या प्रचलित डेटाबेसमध्ये ती मुळात १०० असते. संकेतस्थळावर लॉग-इन केलेले सदस्य मात्र हजारोंच्या घरात असतात. शंभरात हजारोंचे भागते कसे, या प्रश्नामागचे गणित संगणकयुगाच्या कितीतरी आधी कोपनहेगनच्या एका टेलिफोन कंपनीत मांडले गेले. ते मांडणारे गणितज्ञ म्हणजे आग्नर क्रारूप एर्लांग.

डेन्मार्कमधील लोनबोर्ग या खेड्यात १ जानेवारी १८७८ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील गावच्या शाळेत शिक्षक होते. भाऊ पुस्तक वाचत असला, की समोर बसून तेच पुस्तक उलट्या बाजूने वाचण्याची सवय आग्नर यांना लहानपणीच जडली होती. वयाची अट शिथिल करून घेऊन चौदाव्या वर्षी ते विद्यापीठाची प्रवेश परीक्षा उत्तम रीतीने उत्तीर्ण झाले. १९०१ मध्ये कोपनहेगन विद्यापीठाची पदवी मिळाल्यावर काही वर्षे त्यांनी शाळांतून अध्यापन केले. गणितप्रेमींच्या मंडळात त्यांची गाठ टेलिफोन कंपनीचे अभियंते योहान येन्सन यांच्याशी पडली. हे येन्सन स्वतःही नामांकित गणिती होते. त्यांच्याच ओळखीने १९०८ मध्ये एर्लांग कंपनीत रुजू झाले.

कंपनीपुढचा पेच व्यावहारिक होता. प्रत्येक ग्राहकामागे एक वाहिनी राखून ठेवावी, तर खर्च आवाक्याबाहेर जाणार. वाहिन्या कमी ठेवाव्यात, तर ऐन गर्दीत ग्राहक खोळंबणार. ग्राहक किती आहेत, यापेक्षा एका वेळी किती जण बोलत असतात आणि किती वेळ बोलतात, हे महत्त्वाचे, हे एर्लांग यांनी ओळखले. १९०९ मध्ये त्यांचा पहिला निबंध आला आणि १९१७ मध्ये प्रसिद्ध सूत्रे. तासाभरात २०० जणांनी प्रत्येकी तीन मिनिटे बोलायचे ठरवले, तर त्या सूत्रानुसार अवघ्या १८ वाहिन्यांत शंभरातील ९९ जणांना तत्काळ जोडणी मिळते. अशी दोन केंद्रे स्वतंत्र ठेवल्यास ३६ वाहिन्या लागतात. एकत्र केल्यास ३० पुरतात!

डेटाबेसच्या जोडण्यांचा सामायिक साठा ठेवतात, तो याच न्यायाने. सदस्याचे लॉग-इन तासभर टिकते, पण त्याच्या कामासाठी डेटाबेसची जोडणी क्षणभरच घेतली जाते आणि लगेच परत केली जाते. लॉग-इन आणि डेटाबेसचे ‘सेशन’ या दोन गोष्टी एक मानल्या, की हिशेब चुकतो. काम संपल्यावरही जोडणी अडवून ठेवणारी आज्ञावली म्हणजे बोलणे झाल्यावर रिसीव्हर बाजूला काढून ठेवणारा ग्राहकच. मर्यादा संपल्यावर नवागताला परत पाठवायचे की रांगेत उभे करायचे, या दोन्ही पर्यायांसाठी एर्लांग यांची वेगवेगळी सूत्रे आहेत. अर्थात, लोक आपापल्या सवडीने येतात, हे त्यांत गृहीत आहे. एकाच घटकेला सारे तुटून पडले, तर हे गणित तोकडे पडते.

एर्लांग केवळ टेबलापाशी बसणारे गणिती नव्हते. तारांतील विद्युत्प्रवाहाची गळती मोजण्यासाठी ते शिडी घेतलेल्या कामगाराला बरोबर घेऊन कोपनहेगनच्या रस्त्यांवरील भुयारी खड्ड्यांत उतरत. ते अविवाहित राहिले. पुस्तकांचा संग्रह हा त्यांचा छंद, आणि गरजूंना गाजावाजा न करता मदत करणे हा स्वभाव. कंपनीत सुमारे वीस वर्षे सेवा केल्यावर पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर ३ फेब्रुवारी १९२९ रोजी, वयाच्या ५१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. दूरध्वनीच्या वर्दळीच्या एककाला ‘एर्लांग’ हे नाव १९४६ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर देण्यात आले. पुढे एरिक्सन कंपनीत, एकाच वेळी असंख्य जोडण्या हाताळण्यासाठी तयार झालेल्या संगणकीय भाषेलाही तेच नाव मिळाले.